डबा उघडू की ठेवू? पाईपवाल्यांच्या शंका

मागच्या वेळी पाईपच्या तंबाखूबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की व्हर्जिनिया जातीची तंबाखू असेल तर बरणीत मुरू द्या, आणि त्यावरून प्रश्नांचा नुसता ढीग आला. बहुतेकांच्या डोक्यात एक पक्कं बसलंय की जुनी तंबाखू म्हणजे भारी तंबाखू. मला ते अर्धंच पटतं, का ते उत्तरांत येईलच. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, कोणाचा नेमका शब्द गेला असेल तर सांभाळून घ्या.

प्रश्न: कपाटाच्या मागे १२ वर्षांपूर्वी घेतलेला ५० ग्रॅमचा गोल डबा सापडला, सील तसंच होतं. उघडला तर फ्लेकवर (दाबून कापलेल्या तंबाखूच्या पट्ट्यांवर) पांढरे पांढरे बारीक दाणे दिसतायत. बुरशी आहे का? टाकून देऊ?

थांबा, टाकू नका! आधी एक पट्टी उचलून उजेडात धरा आणि थोडी इकडे तिकडे कलवून बघा. दाणे चमकत असतील, काचेच्या चुऱ्यासारखे, आणि पानाला घट्ट चिकटलेले असतील तर ते स्फटिक आहेत, आणि तुमचं नशीब जोरावर आहे. बुरशी चमकत नाही. ती कापसासारखी मऊ, केसाळ असते, एका जागी सुरू होऊन जाळ्यासारखी पसरते, रंग पांढरा, राखाडी नाहीतर हिरवट निळा, आणि मुख्य म्हणजे वास, बंद ओल्या खोलीचा असतो तो कुबट वास, तो एकदा ओळखला की विसरत नाही. भिंग असेल तर काम दोन मिनिटांचं आहे, टोकदार कडा दिसल्या तर स्फटिक, तंतू दिसले तर बुरशी. लोक त्या स्फटिकांना सरसकट शुगर म्हणतात पण पानातल्या सेंद्रिय आम्लांचे क्षारही असेच वर येतात, तेव्हा पांढरं दिसलं म्हणजे गोड लागणारच असं धरून चालू नका.

बुरशी निघाली तर मात्र सगळा डबा टाका, वरचा थर खरवडून खालचं ओढू असला कंजूषपणा करू नका, तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असतात.

आणखी एक, डबा उघडल्या उघडल्या आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर घाबरायचं नाही, आत इतकी वर्षं जे चाललं होतं त्याचा तो कोंडलेला वास आहे, अर्धा तास उघडं ठेवलं की उतरतो. झाकण थोडं फुगलेलं होतं का? तेही ठीक, आत वायू तयार होतो. झाकणाच्या कडेला आतून गंज धरलाय का तेवढं बघा, गंजातून बारीक भोक पडलं असेल तर तंबाखू कधीच वाळून चुरा झालेली असते आणि १२ वर्षं नुसतीच गेली. गोल डबे यात बरे, चौकोनी चपट्या डब्यांचं सील जरा दाबलं गेलं तरी सुटतं, म्हणून लांबच्या मुक्कामाला मी चौकोनी डबा कधी ठेवत नाही.

प्रश्न: कुठली तंबाखू मुरवायची आणि कुठली लगेच ओढायची? आमच्या ग्रुपवर एकजण म्हणतो सगळंच ठेवा, दुसरा म्हणतो नुसता टाइमपास आहे.

दोघंही चूक. पानात काय आहे यावर सगळं आहे, म्हणून थोडं मागे जावं लागेल.

व्हर्जिनिया गरम हवेच्या कोठारात वाळवतात, सुरुवातीला मंद उष्णतेत पान पिवळं होतं आणि त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग उष्णता वाढवत शेवटी ७० अंशांच्या वर नेतात, पान मरतं आणि साखर तिथेच अडकून राहते, १५-२० टक्के साखर असणं काही विशेष नाही. ही पिवळी धमक पानं सापडली त्याची गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे, १८३९ साली नॉर्थ कॅरोलिनाच्या कॅसवेल काउंटीत अबायशा स्लेडच्या शेतावर स्टीफन नावाचा एक गुलाम कोठाराची राखण करत होता, सांगतात की त्याचा डोळा लागला, आग विझत आली, त्याने घाईघाईने लोहाराकडचा कोळसा आणून टाकला आणि त्या कोरड्या कडक उष्णतेने पानं सोन्यासारखी पिवळी निघाली. त्या पानावर पुढे भलते लोक गबर झाले.

तर ही साखर म्हणजे मुरण्याचं भांडवल. बरणीत बंद केल्यावर आत असलेली थोडी हवा आधी वापरली जाते, नंतर हवेशिवायचे बदल चालू राहतात, फार हळू. साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांत गुंततात, रंग गडद होतो, ताज्या व्हर्जिनियातला गवताचा, लिंबाच्या सालीचा कच्चा तिखटपणा जाऊन मनुका, मध, भाजलेल्या पावाची कड असं काहीतरी यायला लागतं. पहिल्या वर्षातला फरक आंधळ्यालाही कळेल इतका असतो, पुढे ५ वर्षांपर्यंत चांगला कळतो, त्यानंतर चढण संथ होते. १५ वर्षांची तंबाखू १० वर्षांच्या तंबाखूपेक्षा दीडपट चांगली असते असलं काही नसतं.

व्हर्जिनियात पेरीक घातलेला ब्लेंड (मिश्रण) असेल तर सगळ्यात उत्तम. पेरीक लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिश भागात होते, पानाच्या गुंडाळ्या ओकच्या पिंपात कोंबून स्क्रू-जॅकने दाबतात, पान स्वतःच्याच रसात आंबतं, मधे मधे बाहेर काढून हवा दाखवतात आणि परत दाबतात, असं वर्षभर तरी. म्हणजे ती आधीच मुरून आलेली असते, प्लम आणि मिरी असा तिचा स्वभाव, बरणीत ती व्हर्जिनियाच्या अंगात भिनते आणि २-३ वर्षांनी दोघी वेगळ्या काढता येत नाहीत.

बर्ली हवेवर वाळते, आठवडेच्या आठवडे, पान तोवर जिवंत असतं आणि आपली साखर आपणच खाऊन टाकतं, उरते ती सुक्यामेव्यासारखी, कोकोसारखी कोरडी चव. तिला ठेवून ती बिघडत नाही पण ठेवल्याचं बक्षीसही फारसं नाही, थोडी गोलाई येते इतकंच. ओरिएंटल, म्हणजे तुर्कस्तान-ग्रीसकडची लहान पानं, मधे कुठेतरी, हळू मुरतात पण छान मुरतात.

लाटाकिया मात्र उलटी. सीरियातल्या बंदराच्या नावावरून नाव पडलं, आता बाजारात मिळते ती बहुतेक सायप्रसची, आणि तिची सगळी मजा लाकडाच्या धुरात, पान धुरी देऊन काळं केलेलं असतं. तो धूर उडणारा माल आहे, वर्षागणिक उतरतो. काही लोकांना तोच मऊ झालेला लाटाकिया आवडतो, ४-५ वर्षांचा इंग्लिश ब्लेंड, म्हणजे लाटाकिया घातलेलं मिश्रण, खरंच गुळगुळीत लागतो, पण शेकोटीचा भपका हवा असेल तर ताजाच ओढा, वाट बघून मिळणार काही नाही, जाणारच आहे.

आणि अरोमॅटिक, म्हणजे व्हॅनिला, चेरी, रम वगैरे. ते मुरवू नका. वरून मारलेला वास आधी उडतो आणि खाली उरतं ते साधंच पान आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, जे ओलावा धरून ठेवायला घातलेलं असतं. मी सुरुवातीला हौसेने अर्धा किलो चेरी भरून ठेवलेली, ६ वर्षांनी उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. माझीच अक्कल, कोणाला काय बोलणार.

प्रश्न: डब्यावर लिहिलेलं असतं अंजीर, लेदर, गवत, मला तर नुसता धूर लागतो आणि जीभ पोळते. माझ्या जिभेतच काही कमी आहे का?

जिभेत नाही, घाईत आहे. आणि ओलाव्यात.

डब्यातली तंबाखू बहुतेक वेळा ओढण्याच्या मानाने ओली असते, कारण कारखान्याला ती टिकवायची असते, तुम्हाला ओढायची असते, दोघांचं गणित वेगळं. ओली तंबाखू पेटत नाही म्हणून तुम्ही जोरात ओढता, जोरात ओढलं की तापते, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ जीभ भाजते, चव त्या वाफेत वाहून जाते. वर व्हर्जिनियाचा धूर आम्लधर्मी आणि साखर भरपूर, ती तापली की आणखीच चावते. म्हणून आधी एका बाऊलपुरती, म्हणजे पाईपच्या वाटीत एकदा मावेल इतकी, तंबाखू काढा, कागदावर पसरा, २० मिनिटं, अर्धा तास, जाड फ्लेक असेल तर तासभर. चिमटीत दाबून सोडा, गोळा तसाच राहिला तर ओली, चुरा झाला तर जास्त वाळली, हळूहळू उलगडली तर बरोबर. मोजमापात सांगायचं तर १२-१३ टक्के ओलावा, पण ते मोजत कोण बसतंय, बोटांना आठवडाभरात कळतं.

हे एकच करा आणि मग मला सांगा. कारण लोक मला विचारतात दहा वर्षांचा डबा कुठे मिळेल, आणि दहा मिनिटं तंबाखू वाळवायला तयार नसतात. मुरल्यामुळे फरक पडला असं जे सांगतात ना, त्यातले निम्मे फरक बरणीत ओलावा थोडा उतरल्याचे असतात असं माझं स्वतःचं मत आहे.

भरताना खाली सैल, वर जरा घट्ट, रिकामं ओढून बघा, स्ट्रॉमधून पाणी ओढल्याइतपतच अडथळा हवा. पहिली काडी नुसती वरचा थर फुलवायला, तो टॅम्परने (तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्याने) हलकेच बसवा आणि मग दुसरी काडी. त्यानंतर झुरका कसा, तर गरम पेय फुंकर न मारता ओठांनी चाखतो तसा. बाऊल हातात धरवत नसेल इतका तापला तर खाली ठेवा, विझू दे. पाईप विझणं हा काही अपमान नाही, तीन चार वेळा पेटवावा लागतोच.

आता चवीचा मुद्दा. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी इतकंच कळतं, अंजीर-बिंजीर सगळं नाकाचं काम. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात थोडा वेळ ठेवून अगदी थोडासा नाकावाटे बाहेर सोडायचा, पहिल्यांदा झणका बसेल, डोळ्यात पाणी येईल, पेरीक असेल तर शिंक पण येईल, म्हणून फक्त शेपूट सोडा, सगळा धूर नाही. जे कळायचं ते तिथे कळतं. आणि एकाच बाऊलमधे तीन वेगळ्या तंबाखू असतात असं समजा, वरचा भाग हलका आणि गोड, मधला भरलेला, शेवटचा तिसरा हिस्सा जड, तो कडू व्हायला लागला की संपवायचा हट्ट सोडा आणि झाडून टाका.

शब्दांचं म्हणाल तर डब्यावरचे शब्द आधी वाचूच नका. अंजीर वाचलं की अंजीर लागतंच, नाही लागलं की न्यूनगंड येतो. तुमच्या वहीत तुम्हाला आठवेल ते लिहा, एका ओळखीच्या माणसाने एका ब्लेंडपुढे "नवीन चपलेचं दुकान" असं लिहिलंय आणि मला ते लेदरपेक्षा जास्त कळतं. दोन तंबाखू शेजारी शेजारी ठेवून ओढल्या तर फरक पटकन दिसतो, पण पाईप स्वच्छ हवा. बहुतेक पाईप ज्याचे बनतात ते ब्रायरचं लाकूड वास धरून ठेवतं, लाटाकिया ओढलेल्या पाईपमधे पुढचे दहा बाऊल लाटाकियाच लागेल. चाखायला म्हणून मक्याच्या कणसाचा पाईप घ्या नाहीतर मीरशॉम (पांढऱ्या मऊ खनिजाचा), माती पण चालेल, हे त्या मानाने वास कमी धरतात.

प्रश्न: सिगारचा ह्युमिडॉर (ओलावा राखणारी पेटी) आहे घरात, त्यातच ठेवू का? की झिप वाल्या पिशव्या?

दोन्ही नाही. ह्युमिडॉरमधला दमटपणा सिगारसाठी असतो, पाईपची तंबाखू त्यात आणखी ओली होते आणि बुरशीला आमंत्रण, वर सीडरच्या लाकडाचा वास चढतो तो वेगळाच. पिशवीतून हवा आणि वास दोन्ही ये-जा करतात, महिनाभरासाठी ठीक आहे. काचेची बरणी आणि रबराच्या कडेचं झाकण, बस. जॉन लँडिस मेसनने १८५८ साली पेटंट घेतलेली ती स्क्रूच्या झाकणाची बरणी, आजही तिच्याहून सोपं काही कोणाला सुचलेलं नाही. धुऊन पूर्ण कोरडी करा, पूर्ण म्हणजे पूर्ण, तळाशी एक थेंब राहिला तरी तिथूनच बुरशी सुरू होते. अंधारात ठेवा, तापमान फार वरखाली नको. फ्रिज नको, फ्रीझर तर नकोच. मोठ्या बरणीऐवजी लहान लहान भरा म्हणजे एक उघडली तरी बाकीच्या तशाच राहतात.

प्रश्न: दर महिन्याला उघडून वास घेतो, चालेल ना?

नाही! रोप रुजलं का म्हणून रोज उपटून बघण्यासारखं आहे ते. उघडलं की आतली हवा बदलते, साठलेला सुगंध बाहेर जातो आणि बरणीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. राहवत नसेल तर एक बरणी बळीची म्हणून वेगळी ठेवा आणि हौस तिच्यावर भागवा.

प्रश्न: ओव्हनमधे बरणी ठेवून दोन तासांत पाच वर्षांचा परिणाम मिळतो असा व्हिडिओ पाहिला.

रंग मिळतो, वर्षं नाही मिळत. उष्णतेने व्हर्जिनिया काळवंडते, टोक जातं, गोडवा खाली बसतो, कारखान्यात हे मुद्दाम करतात आणि त्याला स्टोव्ह्ड व्हर्जिनिया म्हणतात, चांगली लागते. पण ती वेगळी वस्तू आहे, शिजवलेली आणि मुरलेली यात जो फरक तोच. घरी बंद काचेची बरणी ओव्हनमधे तापवायची म्हणजे तडकण्याची तयारी ठेवूनच, मी नाही करणार.

प्रश्न: आंबवलेली, मुरलेली तंबाखू कमी घातक असते असं म्हणतात, आणि पाईपचा धूर आत घेत नाही म्हणून तसा धोका नाही, खरं का?

दोन्ही खोटं, आणि इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. मुरल्याने धूर मऊ लागतो, निकोटिन कुठे जात नाही. उलट तंबाखूतले नायट्रोसामाइन, जे कर्करोगाशी थेट जोडलेले आहेत, ते वाळवताना आणि साठवताना सूक्ष्मजीवांमुळे तयार होतात आणि उष्ण, दमट जागी ठेवलं की वाढतात, म्हणजे बरणी काही औषध करत नाहीये. धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका त्याच्याच वाटेवर आहेत, आणि पाईप ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोगही होतो, सिगारेटवाल्यांपेक्षा कमी, न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त. बर्लीसारख्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं, म्हणून आत न घेताही चक्कर येते, घाम फुटतो, पोट ढवळतं. तसं झालं तर पाईप ठेवा, काहीतरी गोड खा, पडून राहा. ओढत नसाल तर हा कॉलम वाचून सुरू करू नका, मी स्वतः आठवड्यातून एका बाऊलवर आलोय, आणि तो एकही माझ्या डॉक्टरांना मान्य नाही.

प्रश्न: दोन वेगवेगळ्या तंबाखू घरी मिसळून मग मुरवायच्या की वेगळ्या मुरवून आयत्या वेळी मिसळायच्या?

चांगला प्रश्न, आणि मला दोन्ही करून झालंय. आधी मिसळल्या तर त्यांचे कोपरे घासले जातात, एकीचा ओलावा आणि तेल दुसरीत जातं, २-३ आठवड्यांतच त्या एका सुरात येतात, पण मग चुकलं तर सगळंच चुकलं. वेगळ्या ठेवल्या तर व्हर्जिनियाला हवी तितकी वर्षं देता येतात आणि लाटाकिया ताजी घालता येते, जे वर सांगितलंच की तिच्या फायद्याचं आहे. म्हणून लाटाकियाचा ब्लेंड असेल तर नंतर मिसळा, पेरीकचा असेल तर आधी.

प्रमाण ठरवायला ५ ग्रॅमच्या वर जायचं नाही. पेरीक ५ ते १० टक्क्यांत भरपूर बोलते, त्याच्या पुढे ती बाकीच्यांना बोलू देत नाही. लाटाकिया तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेली की बाकी काय घातलंय याला काही अर्थ उरत नाही. दोन्हींचा ओलावा मिसळण्याआधी सारखा करा, नाहीतर ओली वाली कोरडीला भिजवत बसते आणि तुम्हाला वाटतं चव जमली नाही. बरणीवर तारीख, प्रमाण आणि मूळ डब्यांची नावं लिहा, आठवेल म्हणून सोडू नका. आणि एक, जमलं नाही तर त्यात आणखी थोडं हे, थोडं ते घालून दुरुस्त करायला जाऊ नका, माझ्याकडे अशी दुरुस्त करत करत पाव किलो झालेली एक बरणी आहे, सुरुवात १० ग्रॅमने झाली होती, आणि आठ वर्षं झाली तरी ती मुरायचं नाव घेत नाहीये.